तांदळाच्या खळीवरचा फोटो

भोरच्या बाजारपेठेत माझ्या थोरल्या भावाचा फोटो स्टुडिओ होता. पुढे दुकान, मागे घर. साठीच्या दशकातली मधली काही वर्षं अशी गेली की छपाईचा ब्रोमाइड कागद पुण्यातच मिळेनासा झाला. परदेशी माल बंद होता, देशी पुरत नव्हता, आणि जो येई तो पुण्यातल्या मोठ्या स्टुडिओंच्या पुढे सरकत नसे. दादाने बरीच वाट पाहिली आणि मग जुनी पद्धत काढली.

ही पद्धत त्याला संस्थानी काळातल्या एका म्हाताऱ्या फोटोग्राफरने शिकवली होती. जाड हातकागद घ्यायचा, त्याला मीठ घातलेली खळ द्यायची, वाळला की त्यावर चांदीच्या क्षाराचं पाणी फिरवायचं, आणि काचेची निगेटिव्ह वर ठेवून उन्हात छापायचं. फोटो तांबूस तपकिरी निघतो. गिऱ्हाइकांना तो नवा असतानाच जुना वाटे, पण दुसरा मिळत नव्हता म्हणून कोणी तक्रार करत नसे.

चांदीचं काम दादाचं. त्यामुळे त्याची बोटं कायम काळी असत. खळीचं काम वहिनीचं.

खळ नसेल तर हातकागद टिपकागदासारखा वागतो. चांदीचं पाणी धाग्यांत उतरतं आणि चेहरा आत बुडतो. डोळ्यांच्या जागी नुसते डाग दिसतात. खळ दिलेल्या कागदावर तोच चेहरा वर राहतो, पापणी वेगळी दिसते, कपाळावरचं गोंदण दिसतं. त्यामुळे दुकानात कॅमेऱ्याइतकंच वहिनीच्या पातेल्याला महत्त्व होतं, आणि दादा ते मान्य करत असे.

तांदूळ भिजवून पाट्यावर वाटायचे, फडक्यातून गाळायचे, मीठ घालून पातळ शिजवायचे. गुठळी होऊ द्यायची नाही. कोमट खळ परातीत ओतून कागद एका कडेने आत सरकवायचा, बुडबुडे तळहाताने बाहेर काढायचे, दोन कोपरे धरून उचलायचा आणि माजघरातल्या दोरीवर टांगायचा. वाळला की पाटावर पसरून कवडीने घोटायचा. वहिनी हे काम सकाळी चूल आवरल्यावर करी. दोरीवर कागद असताना कोणी केर काढलेला तिला चालत नसे.

म्हाताऱ्या फोटोग्राफरने मुळात तांदूळ सांगितलाच नव्हता. सरस वापरा, पातळ करून, वर तुरटीचं पाणी द्या, म्हणजे कागद पक्का होतो आणि सहसा कीड लागत नाही, असं त्याचं सांगणं होतं. सरस हाडाचा आणि कातड्याचा. आमच्या घरात मांसमच्छी शिजत नसे. दादाने विषय काढला तेव्हा मी तिथे होतो.

"आई, स्वयंपाकघरात नको. मागच्या अंगणात तीन विटा मांडून करू."

"अंगण काय शेजाऱ्यांचं आहे?" आई म्हणाली. "हाडाचा रस तो. तुमच्या फोटोंना पायलीभर तांदूळ घ्या, मी अडवायची नाही. पण ते या घरात शिजायचं नाही."

"तांदळाचेच बरे," वहिनी दादाला म्हणाली. "भात खाऊन फोटो जरा गुटगुटीत तरी निघतील."

आई हसली आणि विषय संपला. पहिल्या पावसाळ्यात भोरमधल्या घरांतले फोटो टिकले. त्यामुळे तांदूळच कायम झाला.

खळीला कसर, म्हणजे कागद खाणारी बारीक कीड, लागते हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. पुस्तकं बांधणारे खळीत मोरचूद घालतात ते याचसाठी. दादाने मोरचूद घालून पाहिलं होतं. चांदीशी त्याचं जमेना, कागद डागळला. म्हणून ते सोडून दिलं.

मी तेव्हा पुण्याच्या एका दैनिकाला भोर आणि वेल्हे तालुक्यांच्या बातम्या पाठवत असे. बातमी नसेल त्या दिवशी दुकानात बसे. एका दिवाळीनंतर वेल्हे तालुक्यात मार्गासनीच्या पलीकडच्या एका गावातून एक गृहस्थ आपल्या मोठ्या मुलीला घेऊन आले. मुलीला स्थळ सांगून आलं होतं. मुलगा रेल्वेत होता आणि त्याला आधी फोटो हवा होता. मुलीने आईचं एकुलतं एक चांगलं लुगडं नेसलं होतं. खुर्चीवर बसून तिने हात मांडीवर ठेवले, डाव्या हातावर उजवा, आणि दादा सांगेपर्यंत ती हलली नाही. दादाने काचेवर निगेटिव्ह काढली, धुतली, वाळवली, आणि कागद आला की फोटो करून ठेवतो असं सांगून त्यांना परत पाठवलं. तेव्हा जुनी पद्धत तो फक्त गावातल्या गिऱ्हाइकांसाठी वापरत असे. स्थळाला दाखवायचा फोटो तपकिरी नको, असं वडिलांचंच म्हणणं पडलं.

कागद आला नाही. पौषात मुलगी तापाने गेली.

वडील चैत्र संपता संपता आले. दुकानाच्या पायरीवर उभे राहून त्यांनी आधी टोपी काढली आणि मग सांगितलं. त्यांचं कुटुंब दहा-एक वर्षांपूर्वी बौद्ध झालेलं. घरात बुद्धाची तसबीर होती आणि तिच्या शेजारी मुलीचा फोटो लावायचा होता. आमच्या घरातून त्यांना पाणी मिळालं, पण तांब्या वेगळा होता. त्या काळी तो वेगळाच असे.

"कसा का रंग येईना," ते म्हणाले. "तिची आय कुनाशी बोलंना झालीया. तिला लेकीचं त्वांड दिसलं म्हंजी झालं."

दादाने काच उजेडात धरून पाहिली. काच चांगली होती. वहिनी आतून ऐकत होती. ती बाहेर आली आणि म्हणाली, "आठ दिवसांनी या. चांगला करून देऊ."

त्या कागदाला तिने नेहमीपेक्षा दाट खळ दिली, आणि एकदा वाळल्यावर पुन्हा दिली. चेहऱ्याच्या जागी, म्हणजे जिथे चेहरा येणार म्हणून दादाने पेन्सिलीने खुणेचा बिंदू केला होता तिथे, तिने बोटाने खळीचा आणखी एक थर दिला. दादा म्हणाला इतकी नको. ती म्हणाली, "एकच फोटो आहे तिचा. बुडायला नको."

फोटो उत्तम निघाला. वैशाखातलं ऊन कडक आणि सरळ होतं. मुलीच्या खालच्या ओठाखाली एक बारीक व्रण होता, तो काचेत जेमतेम दिसत होता; कागदावर स्पष्ट आला. तशी छपाई दादाच्या हातून पूर्वी झाली नव्हती. त्याने ती गिऱ्हाईक येईपर्यंत दुकानात लावून ठेवली.

मग फ्रेम. भोरमध्ये फ्रेमची काच मापात कापून मिळायची अडचण होती. दादाची रीत अशी होती की फोटो गिऱ्हाइकाला द्यायचा झाला की निगेटिव्हची काच गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून भिजवायची, वरचा थर खरवडायचा, आणि तीच काच फ्रेमला लावायची. माप तेच असल्यामुळे बरोबर बसे. आजूबाजूच्या गावांतले फोटोवालेही असंच करत. घरात काचांचा साठा करायला जागा नव्हती, आणि एकदा दिलेला फोटो कोणी पुन्हा मागायला येत नसे. या मुलीची काचही त्याने तशीच धुऊन कोरी केली. त्यात त्याला वेगळं काही वाटलं नाही, मलाही नाही, आणि वहिनीने ती स्वतः पुसून फ्रेममध्ये बसवली.

वडील फ्रेम छातीशी धरून गेले.

वेल्ह्याचा पाऊस भोरच्या पावसासारखा नसतो. तिथे आषाढ-श्रावणात घराच्या भिंती आतून ओल्या होतात, कपडे चुलीवर धरून वाळवावे लागतात, आणि धुराला बाहेर जायला वाट राहत नाही. फोटो मातीच्या भिंतीवर होता.

दसरा झाल्यावर वडील पुन्हा आले. फ्रेम जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेली होती. त्यांनी ती टेबलावर ठेवली, गाठ सोडली, आणि बाजूला झाले.

कसरीने चेहरा खाल्ला होता. चेहराच नेमका, कारण खळ तिथे सगळ्यांत दाट होती. कपाळापासून गळ्यापर्यंत कागद जाळीसारखा झाला होता आणि मागचा पुठ्ठा दिसत होता. एका कानातलं फूल राहिलं होतं. पदर होता, खुर्ची होती, मांडीवरचे हात होते. काचेच्या आतल्या बाजूला बारीक भुगा साचला होता.

"पुसून पुसून ठिवत व्हतो," वडील म्हणाले. "वरनं कळलंच न्हाई. आदी बारीक भोक व्हतं. मग रोज वाढाय लागलं. तिची आय म्हनली, पोरीला दुसऱ्यांदा रोग लागला."

वहिनी दारात उभी होती. ती पुढे आली, फ्रेमकडे पाहिलं आणि परत दारात गेली.

"दुसरा काढून द्या," वडील म्हणाले. "काच हाय न्हवं तुमच्यापाशी?"

 दादाने फ्रेमच्या काचेवर बोट ठेवलं.

"ती काच हीच," तो म्हणाला.

वडिलांना समजलं नाही. दादाने दुकानाची रीत सांगितली. सोडा, खरवडणं, फ्रेमचं माप.  सांगून झाल्यावर वडिलांनी मागचा पुठ्ठा सोडवून काच बाहेर काढली, खिडकीकडे धरली आणि तिच्यातून बाहेरच्या रस्त्याकडे पाहिलं.

"म्हंजी ती ह्यात व्हती," ते म्हणाले.

"होय."

"आन आता न्हाई."

"नाही."

मग त्यांनी कसर का लागली असं विचारलं. दादाने खळीचं सांगितलं, आणि सरस का वापरत नाही तेही सांगितलं. आई मधल्या खोलीत होती आणि दार उघडं होतं.

"आमाला इचारायचं व्हतं," वडील म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "सरसाला आमची ना न्हवती."



तोडगा त्यांनीच काढला. धाकटी मुलगी थोरलीसारखी दिसते असं गावात सगळे म्हणत. तिला तेच लुगडं नेसवून, त्याच खुर्चीवर बसवून फोटो काढावा. खाल्लेला फोटो समोर ठेवला म्हणजे हात, पदर, मान, सगळं तसंच घेता येईल.

वहिनी दारातूनच म्हणाली, "भाऊ, जित्या लेकराचा फोटो तुम्ही गेलेलीच्या जागी लावणार? त्याला हार घालणार?"

"हार न्हाई घालत, ताई," ते म्हणाले. "मेनबत्ती बी न्हाई लावत. निस्तं भित्तीला ठिवायचं. घरातली बाई दिसभर त्या मोकळ्या खिळ्याकडं बघत बसती. ते बघवत न्हाई मला."

दादाने हो म्हटलं. फ्रेम त्याने ठेवून घेतली.

धाकटी चौदा-पंधरा वर्षांची असेल. लुगडं तिला मोठं होत होतं. वहिनीने मागून टाचण्या लावल्या. तिला एका जागी बसवत नव्हतं.

"हात डाव्यावर उजवा," दादा म्हणाला. "मान जरा खाली. आता हलू नकोस."

"दम तरी घिऊ का?"

"हळू घे."

"ताई काय दम घेत न्हवती व्हय फोटुत?"

"गप गं," वडील म्हणाले. "तिला येकदाच सांगावं लागायचं."

"म्हून तर तिला स्थळ आलं. मला कोन इचारतंय."

ती हसायला लागली, मग तिला वडिलांचं तोंड दिसलं आणि ती थांबली. नेमक्या त्याच क्षणी दादाने फोटो घेतला.

या वेळी वहिनीने कोणाला विचारलं नाही. मी बातमीच्या कामाने पुण्याला गेलो तेव्हा तिने मला प्रयोगशाळेचं सामान मिळतं त्या दुकानातून जिलेटिन आणायला सांगितलं. सुताराकडचा सरस रंगाला काळपट असतो. हा त्याचाच शुद्ध केलेला प्रकार, पांढरा, कागदासारखा पातळ. तिने मागच्या अंगणात तीन विटा मांडल्या, जुनं ॲल्युमिनियमचं पातेलं घेतलं, जिलेटिन थंड पाण्यात फुगवलं आणि मीठ घालून मंद आचेवर विरघळवलं. उकळी येऊ दिली नाही. वास थोडासा आला. कागद बुडवून वाळवले, मग तुरटीच्या पाण्यातून काढले. पातेलं तिने पुन्हा घरात आणलं नाही. आई त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी जेवली. या विषयावर दोघींमध्ये एकही शब्द झाला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

फोटो हिवाळ्याच्या उन्हात छापला. सरसाचा कागद तांदळाच्या कागदापेक्षा कडक आणि गार लागे. छाया खोल येत. तांत्रिकदृष्ट्या हा फोटो पहिल्याच्या तोडीचा होता. दादाने ओठाखालचा व्रण बारीक कुंचल्याने घालायचा विचार केला होता, पण घातला नाही.

न्यायला या वेळी मुलींची आई आली, धाकटीला घेऊन. ती भोरला पहिल्यांदाच येत होती. नसरापूरला गाडी बदलताना तिला गरगरलं होतं, ते धाकटीनेच सांगितलं.  मुलींच्या आईने फोटो घेतला आणि दुकानाच्या पायरीवर उजेडात जाऊन बसली. बराच वेळ पाहिला.

"नाक तिचंच हाय," ती म्हणाली.

आम्ही थांबलो होतो.

"कपाळ बी." तिने फोटो जरा लांब धरला. "पर ह्यो हिचा हाय. धाकटीचा."

"मंग म्या काय म्हनत व्हते?" धाकटी म्हणाली. "म्या बसले तर माजाच येनार की."

दादा म्हणाला की कुंचल्याने थोडा फरक करता येईल. ओठ, भुवया. तुम्ही सांगाल तसं करू.

"नगं. ती बी जाईल आन ही बी जाईल." तिने फोटो धाकटीच्या हातात दिला. "घे. तुझा हाय. जपून ठिव." मग दादाकडे वळून म्हणाली, "आदीचा द्या."

दादाने खाल्लेली फ्रेम आणली. वहिनी तिच्या शेजारी पायरीवर टेकली.

"यात काही राहिलं नाही हो," वहिनी म्हणाली.

"हात हायेत."

तिने काचेवरून बोट फिरवलं. मांडीवरचे हात खरोखरच शाबूत होते. अंगठ्याचं नखसुद्धा दिसत होतं. खळ तिथे पातळ होती.

"भरून देऊ का?" दादाने विचारलं. "मागून कोरा कागद लावतो, भोक दिसणार नाही."

"त्वांड भरू नका," ती म्हणाली. "हात ऱ्हावं, येवढं करा. पुढल्या पावसात हात बी खाल्लं तर मग काय करू म्या?"

वहिनी उठली. जिलेटिन थोडं उरलं होतं. तिने अंगणात विटांवर पातेलं चढवलं. दादाने फ्रेम उघडून कागद काढला, मऊ कुंचल्याने भुगा झाडला आणि जाळी झालेला भाग पाटावर सपाट करून घेतला. वहिनीने आधी मागून आणि मग पुढून सरसाचा पातळ थर दिला. भोकाच्या कडांना जपून, हातांवर दोनदा. वर तुरटीचं पाणी. मग कागद पाटासकट अंगणात सावलीला ठेवला.

नसरापूरला वेल्ह्याची गाडी गाठून देणारी शेवटची गाडी पाचला होती. हिवाळ्यात सरस लवकर वाळत नाही. मुलींची आई पाटाशेजारी जमिनीवर बसली. वहिनीने तिच्यासाठी आणि धाकटीसाठी चहा आणला, घरातल्या कपांतून. माशी बसेल म्हणून मुलींची आई पदराने कागदावर वारा घालत राहिली. वहिनीने सांगितलं, इतक्या जोरात नको, कडा उचलतील. तेव्हा तिने हात हळू केला आणि तसाच चालू ठेवला. धाकटी स्वतःचा फोटो गुडघ्यांवर उभा धरून एकदा त्याच्याकडे आणि एकदा आईच्या हाताकडे पाहत होती. कागद हाताला चिकटेनासा झाला तेव्हा गाडीची वेळ झाली होती.